गोचिडाच्या लाळेतला पुरावा

कडाव गावातल्या मोकाट कुत्र्याचा कान उलटला, तर फुगलेला गोचीड दिसतो. तो कित्येक दिवस रक्त पितो, तरी भोवतालची कातडी अनेकदा फारशी सुजत नाही. एरवी जखमेतल्या पेशी केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात आणि पांढऱ्या पेशी अंगावरच्या ग्राहींनी त्यांचा माग काढत तिथं पोचतात. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडाच्या लाळेत मात्र 'इव्हॅसिन' प्रथिनं असतात. ती केमोकाइनला वाटेतच धरून ठेवतात.

माणसात केमोकाइन पन्नासच्या आसपास, ग्राही वीसेक. एकेका ग्राहीला अनेक केमोकाइन चालतात. हा पसारा म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. निरोप्या एकच असता तर गोचिडाचं एका प्रथिनात भागलं असतं. प्रत्यक्षात इव्हॅसिन-१ मोजकीच केमोकाइन पकडतं, इव्हॅसिन-४ डझनाहून जास्त, आणि इव्हॅसिन-३ वेगळ्याच गटातली. अर्थात सगळं श्रेय परजीवींना नको. जनुकांच्या नकला अपघातानंही वाढतात, आणि सीएक्ससीएल१२ हे फार जुनं केमोकाइन गर्भातल्या पेशींनाही वाट दाखवतं. पण नकला का टिकल्या, हे विचारलं की पुन्हा शत्रूंकडेच बोट जातं. सायटोमेगॅलोव्हायरस तर यूएस२८ नावाचा ग्राहीच बाळगतो, आणि संसर्ग झालेली पेशी त्याच्या मदतीनं आजूबाजूची केमोकाइन गिळून टाकते.