गणपतीपुळ्याला जाताय? एक दुपार झाडगावसाठी ठेवा

वाळूत पाय भाजायला लागले की मुलांना घेऊन थेट रत्नागिरी गाठा. आरे-वारेच्या रस्त्याने साधारण २५ किलोमीटर, आणि समुद्र बघत वाट कधी सरते कळत नाही. रत्नागिरीतल्या झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. आधी देवमाशाच्या सांगाड्यापाशी थांबा. देवमासा हा मासा नव्हे, आपल्यासारखाच सस्तन प्राणी. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात चक्क बोटांची हाडं असतात! मुलांना हे सांगा आणि त्यांचे चेहरे बघा. मग काचेच्या टाक्या, अगदी सावकाश. फ्लॅश नको, काचेवर टकटक तर मुळीच नको, माशांना तो हादरा जाणवतो. निघण्यापूर्वी वेळ आणि सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या.