घरीं ठेवणें आणि घरीं शिकविणें

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली कीं, एखाद्या मुलाचे आईबाप हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बांकावर बसलेले दिसतात. त्यांस प्रवेश नको असतो. मुलाचें नांव काढावयाचें असतें. मूल ऐकत नाहीं, अथवा बोलत नाहीं, अथवा इतरांच्या बरोबरीनें त्याची बुद्धि चालत नाहीं. "आतां त्याला घरींच ठेवतों," असें ते म्हणतात, आणि आम्ही शिक्षकही मान डोलवितों. या वाक्यांतील 'ठेवतों' हें क्रियापद पुष्कळ दिवस माझ्या मनांत सलत आहे. भांडें ठेवावें, दागिना ठेवावा. मूल ठेवून कसें चालेल? घरीं ठेवणें निराळें आणि घरीं शिकविणें निराळें. या दोहोंतील अंतर दाखविण्यास हेलन केलरच्या बाळपणाइतकें स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं. तिच्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांनीं कोठें ना कोठें वाचलेलें असतें. पण त्यांच्या ध्यानांत राहतो तो पंपाच्या धारेखालचा एक प्रसंग. त्याच्या आधींचा महिना कोणी लक्षांत ठेवीत नाहीं, आणि आईबापांच्या खऱ्या उपयोगाचा तोच आहे.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजीं अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत टस्कंबिया या गांवीं झाला. एकोणीस महिन्यांची असतां तिला कडक ताप आला व त्यांत तिची दृष्टि आणि श्रवणशक्ति दोन्ही गेलीं. बाप सुस्थितींतला, आई सुविद्य व प्रेमळ. मुलीला कशाचीही वाण नव्हती. भाकर हवी असली म्हणजे ती पाव कापून लोणी लावण्याचा अभिनय करी. असल्या कितीएक खुणा तिनें स्वतःच बनविल्या होत्या. बुद्धि जागी होती, परंतु तिला वाट नव्हती, आणि कोंडलेल्या बुद्धीचा संताप मात्र दिवसेंदिवस वाढत होता. जेवणाच्या टेबलाभोंवतीं फिरून ती प्रत्येकाच्या ताटांत हात घाली, व बिचारीला दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं म्हणून सर्वजण तें चालूं देत. या घरांत प्रेम होतें, अन्न होतें, वस्त्र होतें; शिक्षण मात्र नव्हतें. मूल घरीं 'ठेवलेलें' होतें.

३ मार्च १८८७ रोजीं अ‍ॅन सलिव्हन नांवाची वीस वर्षांची तरुणी शिक्षिका म्हणून त्या घरीं आली. ती स्वतः लहानपणीं डोळ्यांच्या विकारानें आंधळी होण्याच्या बेतास आलेली, दरिद्री लोकांच्या सरकारी आश्रमांत दिवस काढलेली व पुढें बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेंत शिकून शस्त्रक्रियांनीं कांहीं दृष्टि परत मिळविलेली अशी होती. तिनें येतांच हेलनला बाहुली दिली व तिच्या तळहातावर बोटांच्या लिपीनें 'बाहुली' हा शब्द लिहिला. हेलननें त्याची नक्कल हुबेहूब केली. अर्थ तिला कळला नाहीं.

त्यानंतरची लढाई मात्र शब्दांची नव्हती, ताटाची होती. आपल्या ताटांत हेलनला हात घालूं द्यावयाचा नाहीं असा अ‍ॅननें निश्चय केला. घरच्या माणसांस तें पाहवेना. तीं उठून बाहेर गेलीं. मुलीनें लोळण घेतली, लाथा मारल्या, चमचे फेंकले. बऱ्याच वेळानें ती स्वतःच्या ताटांतून चमच्यानें जेवली, मग हातरुमालाच्या घडीवरून तोच झगडा पुन्हां झाला. तो संपल्यावर अ‍ॅन आपल्या खोलींत जाऊन रडली. ज्या आईबापांस आपल्या मुलाशीं कठोर व्हावें लागलें आहे त्यांनीं हें रडणें ध्यानांत ठेवावें.

पुढें अ‍ॅननें मागणी केली कीं, मुलीला कांहीं दिवस एकटीच्या हवालीं करावें. आवारापासून जवळच असलेल्या बागेंतील लहानशा घरांत त्या दोघी दोन आठवडे राहिल्या. आईबाप रोज येऊन खिडकींतून पाहून जात. पण आपण आलों हें हेलनला कळूं द्यावयाचें नाहीं, अशी अट होती. या अटीचा मीं पुष्कळ विचार केला आहे. मुलगी आईच्या पदराआड गेली कीं सर्व हट्ट पुरतो, हें तिला ठाऊक होतें. म्हणून काढावयाचा होता तो पदर, आई नव्हे. त्या घरांत हेलन मणी ओंवावयास, सुईनें विणावयास व सांगितलेलें ऐकावयास शिकली. परत आल्यावर तिनें एक दिवस परीक्षा पाहिलीच. रुमाल जमिनीवर टाकला, आणि घरचे लोक लगेच विरघळूं लागले. अ‍ॅन विरघळली नाहीं.

इतकें झाल्यावर ५ एप्रिलचा तो दिवस आला. पंपाची धार एका हातावर पडत असतां दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द लिहिला गेला, आणि प्रत्येक वस्तूला नांव असतें हें हेलनला एकदम उमगलें. त्याच दिवशीं ती पुष्कळ नवे शब्द शिकली. हा प्रसंग अद्भुत वाटतो, पण आधींचा महिना वगळला तर तो घडला नसता. जें मूल क्षणभरही दुसऱ्याच्या हातांत आपला हात राहूं देत नाहीं, त्याच्या तळहातावर लिहिणार कोण?

यापुढची अ‍ॅनची पद्धति ऐकण्यासारखी आहे. हेलनची एक चुलतबहीण पंधरा महिन्यांची होती. तिला कोणी वर्ग भरवून भाषा शिकवीत नव्हतें, तरी तिला सांगितलेलें सारें समजे, हें अ‍ॅननें पाहिलें. तेव्हां ठराविक वेळचे धडे सोडून देऊन तिनें, तान्ह्या मुलाच्या कानाशीं आपण बोलतों तसें, हेलनच्या हातांत दिवसभर पूर्ण वाक्यांनीं बोलावयास आरंभ केला. कळो वा न कळो, बोलणें थांबवावयाचें नाहीं. उठाळ अक्षरांचीं पुठ्ठ्याचीं पत्रें करून 'बाहुली', 'पलंगावर', 'आहे' हे शब्द त्या त्या वस्तूंवर मांडून वाक्य बनवावयाचें. भूगोल नदीकांठीं, दगडगोट्यांचीं बेटें व बांध रचून. मणी ओंवतांना चूक झाली असतां हेलन थांबून आठवूं लागली, तेव्हां अ‍ॅननें तिच्या कपाळाला बोट लावून 'विचार कर' असें हातावर लिहिलें; ज्याला स्पर्श करतां येत नाहीं अशा गोष्टीलाही नांव असतें, हें तिला तेव्हां कळलें.

कोणी म्हणेल, हेलनची बुद्धि शाबूत होती व बापाला शिक्षिका परवडत होती, आमचें काय? आक्षेप खरा आहे. मतिमंद मूल हेलनसारखें पदवीधर होणार नाहीं, आणि तशी आशा दाखविणें म्हणजे आईबापांची फसवणूक होय. परंतु पद्धतीचें मर्म तेथेंही लागू पडतें. मुलाला सदरा घालावयास शिकवावयाचें असेल, तर त्या कामाच्या पायऱ्या कराव्या व शेवटची पायरी आधीं त्याच्यावर सोपवावी. सदरा आईनें घालावा, सर्व बटणें लावावीं, आणि शेवटचें बटण अर्धें घरांतून काढून तेवढें पुरें करावयास त्याला सांगावें. काम पुरें झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशीं त्याच्या वांट्यास येतो. तें साधलें म्हणजे अखेरचें बटण पूर्ण, मग अखेरचीं दोन, असें उलट मागें जावें. कोठें महिना लागेल, कोठें वर्ष. अक्षरें उलटसुलट दिसणारें पण तल्लख असें मूल याहून अगदीं निराळें. त्याला घरीं बसविण्याची गरजच नसते, त्याला धडा वाचून दाखविणारा व परीक्षेंत थोडा अधिक वेळ देणारा कोणी हवा असतो.

कायद्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. २००९ सालच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन, तीव्र विकलांग व बहुविकलांग बालकांस घरीं राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. हा पर्याय बालकाचा आहे. शाळेला दार लावून घेण्याची ती सबब नव्हे, हें आम्हां शिक्षकांस कोणी तरी सांगावयास हवें. ज्यांस दहावीची परीक्षा सवडीनें, थोडे थोडे विषय घेऊन द्यावयाची असेल, त्यांच्यासाठीं १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे.

आणि घर हें कितीही चांगलें असलें तरी पुरेसें नव्हे. हेलनलाही १८८८ च्या मे महिन्यांत अ‍ॅन बोस्टनला घेऊन गेली. तेथील अंध मुलांस बोटांची लिपि येते हें कळल्यावर तिला आपल्या भाषेचे सोबती प्रथमच भेटले. १९०४ सालीं ती रॅडक्लिफ कॉलेजची पदवीधर झाली. आपल्या मुंबईंतही अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी अ‍ॅना मिलर्ड यांनीं १९०० सालीं अंधांसाठीं शाळा काढली, ती घराच्या उंबऱ्याबाहेरच्या याच गरजेसाठीं.

हें माझें मूल कोणाच्या पापाचें फळ, असा प्रश्न अजून अनेक आयांच्या मनांत येतो. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं प्रभूला हेंच विचारलें होतें, व त्यानें पाप मुलाचेंही नाहीं व आईबापांचेंही नाहीं असें सांगितलें. तरीही लाजेनें पडदे ओढले जातात. माझाही दोष सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका मंदबुद्धि मुलाच्या वडिलांस, त्याला घरींच ठेवा, असा सल्ला मींच दिला होता. काय शिकवावें, कसें शिकवावें, हें एका शब्दानेंही सांगितलें नव्हतें. मध्यंतरीं कांहीं कामानिमित्त त्यांच्या घरीं गेलों. मुलगा एकोणीस वर्षांचा झाला होता, खिडकींत बसला होता, आणि आई त्याला भरवीत होती. त्या दिवशीं आम्ही दोघांनीं मिळून बटणांपासून आरंभ केला. मी दर शनिवारीं जात असें. आठ महिन्यांनीं सदरा साधला, मग स्वतःच्या हातानें जेवण, मग माठांतून पेला भरणें. गेल्या नाताळांत मी त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां पाणी त्यानें आणून दिलें. निम्मा पेला वाटेंत सांडला होता. आई उठूं लागली, पण वडिलांनीं तिला हातानें थांबविलें, आणि तो पुन्हां माठाकडे गेला.