पुराची नाव आणि गाळलेले पाणी

सांगलीत नावेत बसण्याचा प्रसंग बहुधा महापुरातच येतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. गणपती पेठेसारख्या व्यापारी भागात नावा फिरू लागल्या आणि तुलनेने उंचावरील विश्रामबागेकडे अनेक कुटुंबांनी धाव घेतली.

व्यापारी घरात निघण्यास हमखास उशीर होतो. माल माळ्यावर चढवावा, चोपड्या गुंडाळाव्यात, कुलपे तपासावीत, यातच पाणी उंबऱ्याला लागते. मग मिळेल त्या नावेत गर्दी होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली नाव उलटली आणि स्त्रिया व मुलांसह अनेकांचे प्राण गेले. म्हणून आरोग्याचा पहिला नियम असा की, पाणी इशारा पातळीवर असतानाच वृद्धांना, रुग्णांना व बालकांना हलवावे. नावेत जीवरक्षक जाकीट घालावे, उभे राहू नये आणि भरलेली नाव सोडून द्यावी.

दुसरा धोका मंदगतीने येतो. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते. त्यातील लेप्टोस्पायरा जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैतील प्रलयानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. नावेपर्यंत पाण्यातून चालावे लागल्यास जखम झाकावी, गमबूट वापरावेत व नंतर पाय साबणाने धुवावेत. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. पुढील महिनाभरात ताप, पोटऱ्यांत वेदना वा डोळ्यांत लाली दिसल्यास दवाखाना गाठावा.

पाणी गाळून पिण्याची परंपरा जैन घरांत जुनी आहे. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्याने कॉलराचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. कारण ते जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. मात्र काविळीचे विषाणू कापडातून सहज पार होतात. त्यामुळे पाणी गाळावे आणि उकळावेही. इंधन नसल्यास क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे.

चातुर्मास आणि महापूर एकाच काळात येतात. उपवास असणाऱ्या ज्येष्ठांना भर उन्हात वा पावसात नावेची वाट पाहणे झेपत नाही. त्यांना सर्वप्रथम सुरक्षित स्थळी न्यावे.

प्रत्येक घरी जूनमध्येच एक पिशवी भरून ठेवावी. तीत मधुमेह व रक्तदाबाची पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, जलसंजीवनीची पाकिटे, बॅटरी आणि विमा व बँकेच्या कागदांच्या प्रती असाव्यात. भिजलेल्या मालाची नुकसानभरपाई विम्यातून मिळू शकते. कुलूप लावण्यासाठी मागे राहिलेल्या माणसाची नाही.