गोंदियाच्या धानशेतीसाठी जागतिक बँकेचा पैसा: मदत की कर्ज?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, पाऊस साथ देईल तशी रोवणी करायची आणि दिवाळीच्या आसपास धान कापायचा. मध्येच पावसाने दडी मारली तर रोवणी रखडते आणि कापणीच्या वेळी तो आला तर कडपा शेतातच भिजतात. लहरी पावसाला तोंड देणारी शेती उभी करण्यासाठी राज्य सरकारचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे 'पोकरा', आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात गोंदिया नव्हता. सुमारे ६ हजार कोटी रुपयांच्या दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं आहेत आणि त्यात गोंदियाचाही समावेश आहे.

हा पैसा येतो कुठून? मोठा वाटा जागतिक बँकेचा आहे आणि तो कर्ज म्हणून मिळतो. पहिल्या टप्प्यासाठी बँकेने ४२ कोटी डॉलर दिले. पहिली ६ वर्षं सवलतीची आणि एकूण मुदत २४ वर्षं.

शेतकऱ्याला हप्ते भरावे लागतात का?

नाही. शेततळं, ठिबक किंवा तुषार संचासाठी शेतकऱ्याच्या खात्यात येतं ते अनुदानच असतं. परतफेड सरकारी तिजोरीतून होते, आणि ती भरते सगळ्यांच्या करातून. त्यामुळे 'जागतिक बँक गावांना फुकट पैसे देतेय' आणि 'शेतकऱ्याच्या डोक्यावर विदेशी कर्ज चढतंय' हे दोन्ही मेसेज चूक आहेत.

मग अन्यायाचा मुद्दा कुठे येतो?

१९९२ च्या हवामान करारात जगातल्या देशांनी एक तत्त्व मान्य केलं: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून संपत्ती कमावली, त्यांनी जास्त भार उचलायचा आणि गरीब देशांना पैसाही द्यायचा. आजही सरासरी भारतीयामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर सरासरी अमेरिकनामागे सुमारे १४ टन.

२००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. ते पूर्ण झालं २०२२ मध्ये, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्जाचा होता. दुसऱ्याने केलेल्या नुकसानीवरचा उपाय आपणच कर्ज काढून करायचा, असा हा प्रकार.

कर्ज नेहमीच वाईट असतं असं नाही. सौर प्रकल्पासाठी घेतलेलं कर्ज वीज विकून फेडता येतं. पण गोंदिया-भंडाऱ्यातल्या एखाद्या मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं, उदाहरण घ्या. त्यातला गाळ काढला, पाळ दुरुस्त केली, तर ऐन खंडात धान वाचेल. पण त्यातून कर्ज फेडण्याएवढं उत्पन्न सरकारकडे येणार नाही. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची बहुतेक कामं अशीच असतात. म्हणून त्यांच्यासाठी अनुदान हवं, ही विकसनशील देशांची जुनी मागणी आहे.

श्रीमंत देशांचं म्हणणं काय?

त्यांचा युक्तिवाद असा की १९९२ चं जग आता राहिलेलं नाही. एकूण उत्सर्जनात चीन पहिला आणि भारत तिसरा आहे. गोंदियातच, तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. हे खरं आहे. पण ती वीज महावितरणमार्फत राज्यभर जाते, आणि तिच्या धुराचा हिशोब रोवणीसाठी पावसाची वाट बघणाऱ्याच्या नावावर मांडणं पटण्यासारखं नाही. शिवाय भारत २०१४ मध्येच जागतिक बँकेच्या अतिस्वस्त कर्जाच्या यादीतून बाहेर पडला, त्यामुळे बाजाराच्या जवळ जाणारे व्याजदर लागतात.

अनुदान मिळतच नाही का?

मिळतं, पण थोडं. याच राज्यातल्या सिंधुदुर्गचं उदाहरण बघा. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी ग्रीन क्लायमेट फंडाने २०१८ मध्ये ४.३४ कोटी डॉलर दिले. कांदळवनं वाचवणं आणि किनाऱ्यावरच्या लोकांना रोजगार देणं यासाठीचा हा पैसा परत करायचा नाही. मात्र तीन राज्यांना मिळून आलेली ही रक्कम पोकराच्या एकट्या पहिल्या कर्जाच्या साधारण दहावा हिस्सा आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. विकसनशील देशांनी १,३०० अब्ज मागितले होते. ठराव मंजूर झाल्याचं जाहीर होताच भारताच्या प्रतिनिधींनी सभागृहातच आक्षेप नोंदवला. या ३०० अब्जांत अनुदान किती आणि कर्ज किती, हे ठरावात ठरवलेलं नाही.