भट्टी एक, दाम दोन
जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळया तयार होतात. भट्टीची धग कायम आणि कंत्राटी कामगाराला सारखीच लागते. त्याच कामाची मजुरी मात्र वेगळी असेल, तर कमी मिळणारा माणूस हात आखडता घेतो. मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ मध्ये हेच मांडले: माणूस स्वतःचे कष्ट आणि मोबदला शेजाऱ्याच्या कष्ट-मोबदल्याशी ताडून पाहतो. अनुभवाला जादा दाम नको का? जरूर हवा, पण त्याचे निकष सर्वांना माहीत असावेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समान कामाला समान वेतनाचे तत्त्व सरकारी सेवेतल्या हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू केले. स्पर्धेत हे परवडत नाही, असे उद्योजक म्हणतील. मात्र नाराज होऊन अनुभवी हात निघून गेले, तर नवख्यांना भट्टीवर उभे करण्याचा धोका आणि खर्च कारखान्यालाच सोसावा लागतो.