टीपकागद आणि टिपण

ज्ञानेश्वर महाराज नेवाशात निरूपण करीत होते आणि सच्चिदानंदबाबा ते उतरवून घेत होते. इसवी सन १२९० ची ही गोष्ट. लेखनिकाचे व्रतच असे, की एक अक्षरही गळता कामा नये. विद्यार्थ्याचे काम मात्र नेमके याच्या उलट असते. काय गाळायचे, हे त्याला ऐकता ऐकता ठरवावे लागते. आजकाल वर्गावर्गांतून मोबाइल आणि लॅपटॉप दिसतात, तेव्हा मला हा फरक आठवतो. यंत्राने आपल्याला उत्तम लेखनिक दिला आहे. त्यालाच आपण विद्यार्थी समजू लागलो, तर मात्र पंचाईत आहे.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी अभियांत्रिकीला गेली. बारावीपर्यंतची बरीचशी वाट मराठीतून चाललेली. कॉलेजात प्राध्यापकांचे इंग्रजी पुढे धावे आणि हिचे पेन मागे राही. तिने परवानगी घेऊन एका अवघड विषयाचे तास फोनवर ध्वनिमुद्रित केले, फळ्याचे फोटो काढले. सत्र संपताना साठ तासांचे ध्वनिमुद्रण जमले आणि परीक्षा दहा दिवसांवर आली. “काका, सगळं आहे माझ्याकडे, पण कुठे काय आहे तेच कळत नाही,” ती रडवेली होऊन म्हणाली. बँकेत जन्म गेल्याने मी आधी हिशेब केला. साठ तास ऐकायला साठच तास लागतात. म्हणजे रोजचे सहा, तेही एका विषयाला. ठेव भरपूर होती, पण ऐन वेळी काढता येत नव्हती.

२०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांनी यावर एक निबंध प्रसिद्ध केला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी जास्त शब्द लिहीत, पण बरेचसे जसेच्या तसे. आकलनाच्या प्रश्नांत ते हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा गुणांतला हा फरक तितका ठामपणे दिसला नाही. तेव्हा सारा दोष कळफलकाच्या माथी मारू नये. पूर्वी आमच्या टेबलावर टीपकागद असे. तो सगळी शाई शोषून घेई, पण त्यावरची अक्षरे उलटी उमटत. टीपकागदासारखे टिपण वहीतही होऊ शकते!

मग यंत्राचा उपयोग करायचा कसा? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात एक साधी रीत बसवली. पानाच्या उजवीकडे रुंद भागात टिपणे, डावीकडच्या अरुंद पट्टीत त्यांवरचे प्रश्न आणि तळाशी स्वतःच्या शब्दांत सारांश. आता ती मुलगी याच रीतीने वर्गात मोजकेच शब्द लिहिते आणि जिथे अडले तिथे घड्याळातली वेळ टाकते. संध्याकाळी तेवढीच दोन-चार मिनिटे पुन्हा ऐकते. काही अ‍ॅपमध्ये तर लिहिलेल्या शब्दावर बोट टेकवले, की त्या क्षणी काय बोलले गेले ते ऐकू येते. शेवटी ती धडा फोनला मराठीत समजावून सांगते आणि फोन तो टंकतो. गुगलची ही सोय मराठीला २०१७ पासून आहे. इंग्रजीत ऐकलेले मराठीत सांगता आले, की समजले म्हणायचे.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता सारांशही काढून देते. तो कधी चुकतो, हा एक भाग झाला. पण अचूक असला तरी महत्त्वाचे काय, हे दुसऱ्यानेच ठरवलेले असते. परीक्षेत आणि पुढे नोकरीतही ते आपल्यालाच ठरवावे लागते.

तरीही ‘वर्गात फोन बंद’ असा सरसकट हुकूम काढणाऱ्यांना एक विनंती आहे. ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याचा हात भराभर चालत नाही, त्याच्यासाठी हे यंत्र चैन नसते; वर्गात बरोबरीने बसण्याचा तो आधार असतो. त्याच्याकडून फोन काढून घेऊ नये. इतरांना एवढेच विचारावे: “आजच्या तासातल्या तीन गोष्टी सांग पाहू, फोन न उघडता.”