संकट सरते, निर्बंध उरतात

राष्ट्र संकटात असताना भाषणस्वातंत्र्याला काही मर्यादा पडतात, हे लोकशाही देशांनीही मान्य केले आहे. सैन्याच्या हालचाली शत्रूला कळू नयेत, अफवांमुळे घबराट पसरू नये, एवढ्यापुरते ते रास्तही आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. संकट संपले, हे ठरवायचे कोणी?

या बाबतीत भारताचा अनुभव बोलका आहे. चिनी आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली. महिनाभरातच चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. आणीबाणी मात्र उठली ती जानेवारी १९६८ मध्ये. बांगलादेश युद्धाच्या वेळी, ३ डिसेंबर १९७१ रोजी, ती पुन्हा लागू झाली. युद्ध दोन आठवड्यांत संपले, पण ती घोषणा मार्च १९७७ पर्यंत कायम राहिली. राज्यघटनेच्या ३५८व्या कलमानुसार आणीबाणीच्या काळात १९व्या कलमातील भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आपोआप स्थगित होत असे. म्हणजे २५ जून १९७५ रोजी 'अंतर्गत अशांतते'च्या कारणावरून आणखी एक आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा हे संरक्षण साडेतीन वर्षे स्थगितच होते. युद्धासाठी उघडलेले दार सत्तेच्या सोयीसाठी खुले राहिले होते. पाठोपाठ वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली.

त्या काळातही न्यायालयाचा मार्ग पूर्णपणे बंद झाला नव्हता. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. सेन्सॉरचा अधिकार कायद्याने नेमून दिलेल्या उद्दिष्टांपुरताच आहे आणि सरकारवरील वैध टीका दडपण्यासाठी तो वापरता येणार नाही, असे न्यायालयाने १९७६ मध्ये स्पष्ट केले. मूलभूत हक्क स्थगित असला तरी अधिकाऱ्याच्या मर्जीला कायद्याची चौकट राहते, हा या निकालाचा अर्थ.

पुढे १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतते'ऐवजी 'सशस्त्र उठाव' ही अट घातली. १९वे कलम आपोआप स्थगित होणे केवळ युद्ध वा परकीय आक्रमणापुरते मर्यादित झाले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला. घोषणेला महिनाभरात संसदेची विशेष बहुमताने संमती आणि दर सहा महिन्यांनी नवी मंजुरी बंधनकारक झाली.

संकटकाळी निर्बंध घालणाऱ्याला कारण द्यावे लागतेच. ते कारण अजून शिल्लक आहे का, हे त्याला वारंवार विचारण्याची सोय असणे, हीच नागरिकाच्या स्वातंत्र्याची खरी हमी होय.